चिखलाचा सातबारा कुणाच्या नावावर?



तुंगार्लीसारख्या डोंगरावरच्या गावातून कुणी खाडीवर, तिवरावर, खाजणावर लिहायला बसलं की आपल्यातलेच निम्मे लोक हसतील. म्हणतील, इथं समुद्र कुठाय? आणि असला तरी आपला त्याच्याशी काय संबंध? दुर्बिणी गळ्यात अडकवून फ्लेमिंगो बघायला जाणारी मंडळी वेगळी, त्यांचे चोचले वेगळे. इथं आपल्या पोरांना नोकरी नाही, डोक्यावर धड छप्पर नाही, गावात वरात काढली म्हणून डोकी फुटतात, आणि हा गडी चिखलाचं काय घेऊन बसलाय?

प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देऊन पुढं जाण्यात अर्थ नाही. म्हणून आधी पाण्याचा माग काढू.

तुंगार्लीचं धरण ब्रिटिश अमदानीतलं, त्याचं पाणी लोणावळ्याच्या नळाला. पण त्याच्या आसपासची वलवण, लोणावळा, शिरवते ही धरणं टाटांची. सह्याद्रीच्या ह्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. आपल्या वाटेनं गेलं असतं तर त्यातलं बरंचसं पाणी इंद्रायणीतून पूर्वेला देशावर गेलं असतं. टाटांनी १९११ साली पायाभरणी केली, पाणी अडवलं, उलटं फिरवलं आणि पाइपांतून पाचशे मीटर खाली खोपोलीला नेऊन आपटलं. १९१५ पासून त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. ह्या त्याच गिरण्या, जिथं आपल्या आज्या-पणज्यांना विणखात्यात पाय ठेवू देत नव्हते. कारण कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपल्या थुंकीनं म्हणे तो बाटायचा. खोपोलीत वीज देऊन सुटलेलं पाणी पाताळगंगेत पडतं. त्या पाण्यावर रसायनीचे कारखाने चालतात. मग नदी खारपाड्याकडून धरमतरच्या खाडीत उतरते. म्हंजे आमच्या डोक्यावर पडलेला पाऊस भांडवलदाराचं चक्र फिरवून, कारखान्यांचं तोंड धुऊन शेवटी खाडीच्या चिखलात जातो. त्या चिखलात कोण उभं आहे ते बघायला आम्हाला एवढा संबंध पुरेसा आहे. तुम्हा मुंबई-ठाण्याच्या पोरांचा संबंध तर ह्याहून जवळचा आहे, तो पुढं सांगतो.

भरतीखाली बुडते आणि ओहोटीला उघडी पडते त्या जमिनीला कोकणात खाजण म्हणतात. दिवसातून दोनदा समुद्र तिथं येऊन जातो. वरून नदी गाळ आणि गोडं पाणी आणते. त्या मिसळीवर तिवर उगवतो. चिखलात हवा नाही म्हणून तो मुळांची बोटं वर काढून श्वास घेतो. त्या मुळांच्या जाळीत कोळंबी, बोय, जिताडा यांची पिल्लं लपतात, वाढतात. चिंबोऱ्या बिळं करतात, निवट्या उड्या मारतात. उधाणाची लाट वस्तीवर यायच्या आधी ह्या झाडीवर आपटून दमते. पावसाळ्यात वरून पुराचा लोंढा आला की त्याला पसरायला ह्या जमिनीएवढी मोकळी जागा दुसरी नसते. शाळेच्या पुस्तकात हे सगळं असतं. पण जिथं निसर्गाचं एवढं कारखाना चाललेलं असतं, त्या जमिनीला सरकारी दप्तरात काय नाव असतं? पडीक. निरुपयोगी. लागवडीस अयोग्य.

हे शब्द ओळखीचे वाटतात ना? ज्या जमिनीवर मालकाचा नांगर फिरत नाही ती पडीक, आणि ज्या माणसाच्या नावावर जमीन नाही तो अपात्र. दोघांची नोंद करणारा कारकून एकच. पडीक जमिनीवर अपात्र माणूस नेऊन टाकायचा, त्यानं भर घालून, मैला-कचरा तुडवून ती जमीन जगण्यालायक केली की तिला भाव येतो, आणि मग त्याच माणसाला अतिक्रमण म्हणून उचलून पुढच्या चिखलात फेकायचं. मुंबईचा निम्मा इतिहास असाच लिहिला गेलाय.

पुरावा पाहिजे? ट्रॉम्ब्याच्या जनता कॉलनीचा घ्या. शहराच्या मधल्या वस्त्यांतून उचलून महापालिकेनंच तिथं लोक आणून वसवले होते. शेजारी अणुशक्ती केंद्र झालं आणि साहेबांना ही वस्ती खुपायला लागली. १७ मे १९७६, आणीबाणी चालू, कोर्टाचे दरवाजे बंद. बुलडोझर आले. सत्तर हजारांच्या आसपास माणसं खाडीकाठच्या दलदलीत नेऊन टाकली. तोच चित्ता कॅम्प. त्या दलदलीत आपल्या आयांनी भरणी केली, गटारं काढली, संसार मांडले. जरा उत्तरेला या, देवनारला. शहराचा कचरा ब्रिटिश काळापासून खाडीच्या काठावर, आणि कचऱ्याच्या काठावर गोवंडी, शिवाजीनगर. तिवर गाडला गेला आणि त्याच्या मढ्यावर आपली वस्ती वसली. दोष कुणाला? आजही इंग्रजी पेपर उघडा, कांदळवनाचा शत्रू म्हणून झोपडीचाच फोटो असतो.

पण मिठीच्या काठची दलदल बुजवून वांद्रे-कुर्ला संकुल कुणी उभं केलं? झोपडीवाल्यांनी? तिथं तर सरकारनंच भराव टाकला, सरकारनंच प्लॉट विकले, आणि बँका, हिरेवाले, वकिलाती तिथं वातानुकूलित काचेत जाऊन बसल्या. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीला पसरायला जागा उरली नव्हती. ती कुर्ल्याच्या चाळींत, कलिन्याच्या झोपड्यांत घुसली. भराव टाकला एकानं, पाणी शिरलं दुसऱ्याच्या घरात.

आता आजचं बोलू. धारावीचं काम नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानींच्या पदरात पडलं. कंपनीत ८० टक्के हिस्सा त्यांचा, २० टक्के सरकारचा. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तो तळमजल्याचा रहिवासी पात्र, त्याला धारावीत घर. बाकीच्यांना बाहेर. बाहेर म्हंजे कुठं? सप्टेंबर २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडची २५५.९ एकर मिठागराची जमीन त्यासाठी द्यायला राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिली. पुढच्याच महिन्यात देवनार डम्पिंगच्या जागेपैकी १२४ एकर. १९७६ साली चित्ता कॅम्प, २०२४ साली मिठागर आणि कचऱ्याचा डोंगर. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत सरकारं किती बदलली, झेंडे किती बदलले! आपल्याला न्यायची जागा मात्र तीच राहिली: खाडीचा काठ.

आणि मिठागर घेताना कायद्याची अडचण येऊ नये म्हणून दार आधीच उघडून ठेवलंय. केंद्र सरकारचे पाणथळ जागांचे नियम आहेत, २०१७ चे. पाणथळ म्हणजे काय हे सांगताना त्यात लिहिलंय की मीठ पिकवण्यासाठी केलेली बांधणी, भातखाचरं, मत्स्यशेतीची तळी, सिंचनाची आणि पिण्याच्या पाण्याची माणसानं केलेली तळी, हे काहीच पाणथळ नाही. म्हंजे कोकणच्या किनाऱ्यावर माणसाच्या घामाचा थेंब जिथं जिथं चिखलात पडला, ती जमीन नियमातून बाद! पाखरू उतरलं तर पाणथळ, आगरात माणूस राबला तर पडीक. नियम करणाऱ्याला चिखल दिसतो, पाणी दिसतं, चिखलात राबणारा तेवढा दिसत नाही. ही नजर कुठून आली हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तीन हजार वर्षं ती आपल्यावर रोखलेली आहे.

आता कोर्टाचं बघू. मुंबई हायकोर्टानं ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवन तोडायला मनाई केली, ५० मीटरच्या आत भराव आणि बांधकाम बंद केलं. सप्टेंबर २०१८ च्या निकालात तर सांगितलं की कांदळवनाचा नाश हा संविधानाच्या कलम २१ चा भंग आहे, म्हंजे जगण्याच्या हक्कावर घाला आहे. बाबासाहेबांनी लिहिलेलं कलम तिवराच्याही कामी आलं, ह्याचा आम्हाला आनंदच आहे. पण पुढची कथा ऐका. त्या ५० मीटरच्या पट्ट्यात झोपडी दिसली की पोलीस बंदोबस्तात हातोडा. आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याच हायकोर्टानं बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार कांदळ झाडं तोडायला परवानगी दिली. का, तर प्रकल्प सार्वजनिक हिताचा. झोपडीतल्या माणसाचं जगणं कुठल्या हितात बसतं, सार्वजनिक की खाजगी, हे कुणीतरी एकदा लिहून द्यावं.

इथं आपला एखादा तरुण मित्र उठून विचारील, आणि त्यानं विचारलंच पाहिजे: मग तुझं म्हणणं काय? मिठागरावर घर मिळत असेल तर आम्ही नाही म्हणायचं? पाखरांसाठी आम्ही फुटपाथवर झोपायचं?

नाही. अजिबात नाही. घर आणि चिखल यांची झुंज लावून देणं हाच तर प्रस्थापितांचा डाव आहे. एका हातानं धारावीसारखी शहराच्या मध्यावरची सोन्याची जमीन काढून घ्यायची, दुसऱ्या हातानं मिठागर पुढं करायचं, आणि कुणी हरकत घेतली तर म्हणायचं, बघा, हे पर्यावरणवाले गरिबाच्या घरावर उठलेत. पर्यावरणवाल्यांतले अर्धे खरंच गरिबाच्या घरावर उठलेले असतात, म्हणून हा डाव साधतो. आपण प्रश्न फिरवून विचारायचा: ज्या जागेवर तीन पिढ्या आम्ही चामडं कमावलं, मडकी भाजली, कचरा निवडला, त्याच जागेवर आम्हाला घर का नाही? आणि पुराच्या दिवशी जिथं पाणी जायला हवं तिथं माणसं नेऊन ठेवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मिठागर गेलं तर पहिला पूर तिथं नेऊन बसवलेल्यांच्याच घरात येणार आहे. मलबार हिलला पाणी चढत नाही.

म्हणून म्हणतो, चिखल वाचवणं हे आपलं काम आहे. पाखरांची दया आली म्हणून नव्हे, तर चिखल गेला की मरायची पहिली पाळी आपली म्हणून.

आणि हे काम आपल्या माणसांनी याआधी केलेलं आहे. ते पुस्तकात नीट आलेलं नाही एवढंच.

धरमतरच्या खाडीपासून जवळच, अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. हा खारेपाट. इथली भातजमीन आभाळातून पडलेली नाही. खाजणाला मातीचे बांध घालून, उघाडी बसवून, भरतीचं पाणी बाहेर ठेवून, पावसानं खार धुऊन ती जमीन घडवली गेली. बांध राखायला गावच्या गाव मिळून राबायचं, त्या रीतीला तिथं जोळ म्हणतात. उधाणात बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री हाकारा होतो आणि घरटी माणूस चिखल वाहायला धावतो. मेहनत कुळांची, आणि धान्याची रास खोताच्या अंगणात. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं चरीला सभा झाली आणि कुळांनी संप पुकारला. जमीन कसायचीच नाही! १९३९ पर्यंत हा संप टिकला. उपाशी राहिले, डोंगरातली लाकडं विकून पोट जाळलं, पण खोताच्या बांधावर नांगर गेला नाही. आणि त्यांच्या पाठीशी उभं कोण राहिलं? बाबासाहेब आंबेडकर. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. त्यात आगरी होते, कुणबी होते, महार होते. बाबासाहेबांना फक्त एका जातीच्या कप्प्यात कोंडणाऱ्यांनी हे पान फाडून टाकलंय. आपण ते परत चिकटवायचं.

कुणी म्हणेल, बांध घालून भात लावणं हे तरी खाजण मोडणंच की. थोडं खरं आहे. पण उघाडी पाणी आत घेते आणि बाहेर सोडते. खाचराशेजारच्या तळ्यांत जिताडा वाढतो, बांधाच्या पलीकडं तिवर उभा राहतो, आणि तो तिवरच बांध राखतो. मातीच्या बांधाचं आणि समुद्राचं भांडण रोजचं असलं तरी त्यांचा संसार एकत्र आहे. सिमेंटच्या भरावानं हा संसारच मोडतो.

दुसरा माणूस केरळातला. कल्लेन पोक्कुडन. जातीनं पुलय, म्हंजे तिथले आपणच. कन्नूर जिल्ह्यात पळयंगाडीजवळ खाऱ्या भातशेतात जमीनदाराकडं लहानपणापासून राबला. शाळा जेमतेम दुसरीपर्यंत. कम्युनिस्ट पक्षात गेला, लढ्यात उतरला, आणि पक्षातही जात आपली पाठ सोडत नाही हे बघून बाहेर पडला. १९८९ साली, पन्नाशी ओलांडलेली असताना, त्यानं नदीच्या काठानं कांदळाची पाचेकशे रोपं लावली. का? तर बांधावरून शाळेत जाणाऱ्या पोरांना पावसाळ्यात वारा ढकलायचा आणि लाटा बांध खायच्या. लोक हसले, वेडा म्हणाले, काहींनी रोपं उपटली. त्यानं परत लावली. पुढं त्याचं नावच कांदळ पोक्कुडन पडलं. मल्याळममध्येही ह्या झाडाला कांदळच म्हणतात. शब्दसुद्धा किनाऱ्या-किनाऱ्यानं हिंडलेला दिसतो. २००२ साली त्यानं आपलं आत्मकथन दिलं, त्यात कांदळ आहे आणि जात आहे, दोन्ही एकाच चिखलात. २०१५ साली तो गेला. आपल्या अभ्यासवर्गात चे गव्हेरा असतो, फ्रांझ फॅनन असतो, असावेतच. पण पोक्कुडन किती जणांना माहीत आहे? आपलाच माणूस, आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नाही.

तिसरी गोष्ट उरणची, ती आपल्या दाराशी आहे. सिडको १९७० साली निघाली, न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ ला सुरू झालं. आधी भातजमीन गेली. त्यावर जासईला जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. मग भराव समुद्रात शिरला. कांदळवन तुटलं, भरतीच्या वाटा बुजल्या, जाळी रिकामी यायला लागली. पारंपरिक मच्छीमारांनी मोर्चे काढून पाहिले, शेवटी हरित लवादात गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादानं आदेश दिला: बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांनी १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाखांच्या वर भरपाई द्यावी. खाडीच्या चिखलातून पोट भरतं आणि तो चिखल बुजवणं म्हणजे पोटावर पाय देणं आहे, हे एका न्यायासनानं आकडा घालून मान्य केलं. ही लहान गोष्ट नव्हे.

पण आमचा प्रश्न पुढं सुरू होतो. ती १६३० कुटुंबं मोजली, चांगलं झालं. मोजायच्या बाहेर कोण राहतं? मोजणी कागदावरून होते. जमिनीची भरपाई सातबाऱ्यावरून, मासेमारीची होडीच्या नोंदीवरून, सोसायटीच्या यादीवरून. ज्या बाईकडं होडी नाही, जाळं नाही, जी ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून कालवं फोडते, शिवल्या वेचते, तिचं नाव कुठल्या यादीत? जो कातकरी बिळात हात घालून चिंबोरी काढतो आणि बांधाच्या आडोशाला झोपतो, त्याची नोंद कुठं? बौद्धवाड्यातली जी माणसं मिठागरात पाटी वाहायची, मिठागर बंद पडलं त्या दिवशी ती कुणाची झाली? कोळीवाड्यातल्या आणि आगरी पाड्यातल्या आमच्या भावांनाही हे तोंडावर विचारायचंय: तुमच्या बचाव समितीत कातकरी वाडीतली किती माणसं? बौद्धवाड्यातली किती? लढा जिंकलात तर भरपाई कुणाकुणात वाटणार? १९३८ च्या मोर्चात आपण एकत्र चाललो होतो. तेव्हा खोत एक होता. आता खोत बंदर झालाय, सिडको झालाय, कंपनी झालाय. तो मोठा झाला आणि आपण मात्र फुटलो.

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं दलित म्हणजे कोण ते सांगताना अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, स्त्रिया, सगळे शोषित एका ओळीत आणले होते. ती ओळ कागदावर छान दिसते. ती खरी करायची जागा म्हंजे ओहोटीचा हा चिखल. भूमिहीन, आदिवासी, बाई, बौद्ध, कोळी, सगळे तिथं एकाच वेळी गुडघाभर रुतलेले आहेत.

आता चिखल परत कसा आणायचा? इथंही फसवणूक आहे, सावध राहा. जूनमध्ये पुढारी येतो, पांढऱ्या पँटीवर गमबूट घालतो, चार रोपं चिखलात खुपसतो, फोटो काढतो आणि जातो. भरतीचं पाणी येत नसेल तर ती रोपं मरतात. येत असेल तर तिवर पुष्कळदा आपला आपण उगवतो, त्याचं बी भरतीवर वाहत येतं. तेव्हा मुळातलं काम पाण्याची वाट मोकळी करण्याचं आहे. भरावाखाली दडपलेली मोरी उघडायची, बुजलेली खाडीची नळी उपसायची, टाकलेला राडारोडा काढायचा. उरणला पाणज्याच्या पाणथळीवरून जो झगडा वर्षानुवर्षं चाललाय तोही मुळात हाच: भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं की नाही. ओहोटीची मोकळी चिखलवट दिसली म्हणून तिथंही झाडं ठोकायची, हाही अडाणीपणाच. त्या उघड्या चिखलावर शिवल्या असतात, पाखरं चरतात, बायांचं पोट असतं.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायांनी २०१७ पासून होडीतून कांदळवनाची सफर सुरू केली. ज्या बायांना कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं, त्या आज पाहुण्याला होडीत बसवून कुठला तिवर कुठला ते सांगतात. त्यांचं अभिनंदन. पण इथं तुंगार्लीत राहून पर्यटकाच्या खिशावर जगणं म्हंजे काय ते आम्ही रोज बघतो. शनिवार-रविवार गाड्यांची रांग, सोमवारी बाटल्यांचा ढीग, आणि डोंगर बंगल्यांच्या कुंपणांत वाटला गेलेला. त्या बंगल्यात आपली माणसं असतात ती झाडू मारायला आणि राखणीला. पाहुणा येतो आणि जातो, त्याच्या मर्जीवर हक्क उभा राहत नाही. सफर करा, खेकडे पाळा, चार पैसे मिळवा, पण त्या खाडीवर कायद्यानं नाव लागलं पाहिजे. नाहीतर उद्या तीच सफर एखादा हॉटेलवाला चालवील आणि त्याच बाया त्याच्याकडं वल्हं मारायला रोजानं जातील.

नाव लागायची वाट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत पाणवठ्यातले मासे आणि इतर उपज यांवरचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. आणि हायकोर्टाच्या आदेशानंतर सरकारी जमिनीवरचं कांदळवन हे वन म्हणून जाहीर झालेलं आहे. सरकारनं वन म्हणून कुंपण घातलं ना? मग त्याच कुंपणाला धरून आत शिरायचं. कातकऱ्यांनी, आदिवासींनी दावे टाकायचे. बिगर आदिवासींना तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा पुरावा मागतात. ज्यांना तीन पिढ्या कागदापासून दूर ठेवलं त्यांच्याकडूनच कागद मागायचा, ही बदमाशी आहे. पण म्हातार्‍यांची साक्ष हाही ह्या कायद्यात पुरावा आहे. ती साक्ष लिहून घ्यायला शिकलेली पोरं लागतात. ती पोरं म्हंजे तुम्ही.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत:

१. जिथं भरतीचं पाणी येतं किंवा येऊ शकतं ते प्रत्येक मिठागर, खाजण, खारजमीन पाणथळ म्हणून मोजा. २०१७ च्या नियमातली पळवाट बंद करा.

२. कुठलाही भराव टाकायच्या आधी त्या चिखलावर जगणाऱ्या प्रत्येकाची यादी करा. होडी असो-नसो, जमीन असो-नसो. बाईचं नाव नवऱ्याच्या नावाखाली नको, स्वतंत्र हवं.

३. कांदळवनावर सामूहिक वनहक्काचे दावे मंजूर करा. राखणदारी आणि व्यवस्थापन वस्तीच्या हाती द्या.

४. बुजवलेल्या खाड्या मोकळ्या करण्याचं काम काढा. महाराष्ट्रानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला तो दुष्काळात खडी फोडायला. आता खाडी उपसायला मजुरी द्या, आणि ती स्थानिक भूमिहीनाला द्या, कंत्राटदाराच्या जेसीबीला नको.

५. कुणाचंही पुनर्वसन मिठागरावर किंवा कचऱ्याच्या डोंगरावर करू नका. जिथं वस्ती तिथं घर. कांदळवनाच्या नावानं झोपडी पाडायची असेल तर आधी जवळच पक्कं घर, मग हातोडा.

आणि मागण्या लिहून झाल्या म्हणून झोपायचं नाही. प्रत्येक शाखेनं आपल्या जवळची एक खाडी निवडावी. गोवंडीच्या पोरांनी ठाण्याची खाडी, पनवेलच्यांनी उरण, आम्ही घाटावरचे धरमतर घेतो, आमचं पाणी तिथं जातं म्हणून. ओहोटीच्या वेळी जा. चिखलात कोण उतरतं ते बघा, त्याच्याशी बोला, नाव-गाव-काम वहीत लिहा. म्हातार्‍यांना विचारा, खाडी पूर्वी कुठवर होती. तलाठ्याकडून उतारे काढा, जुने नकाशे काढा. भरावाचा डम्पर दिसला तर नंबर, तारीख, वेळ लिहा. दोन-तीन महिन्यांत एका खाडीची वही भरते. अशा दहा वह्या झाल्या की कलेक्टरच्या टेबलावर आपण हात जोडून नाही, पुरावा घेऊन जाऊ.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले तेव्हा कुणाच्या घशाला कोरड पडली म्हणून गेले नव्हते. ते पाणी पिऊन आपण अमर होणार नव्हतो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पाण्यावर माणूस म्हणून आपला हक्क बरोबरीचा आहे एवढंच सिद्ध करायचं होतं. ते पाणी गोडं होतं, हे खारं आहे. हक्काला चव नसते. पुढच्या अमावस्येच्या उधाणाला धरमतरच्या बांधावर जमायचं ठरतंय. ज्यांना यायचंय त्यांनी वही आणि पेन्सिल आणावी, आणि चिखलात बुडाली तरी चालतील अशा चपला.

जयभीम.